माझा लार्च, सबनीसांचा चाफा

थंडी पडली की मला राग येतो.

इतरांना हुरडा आठवतो, गुळाची पोळी आठवते, तळजाईच्या टेकडीवरचं धुकं आठवतं. मला सबनीस आठवतात. नोव्हेंबर सरत आला की एका सकाळी स्वयंपाकघरातली फरशी पायाला एकदम गार लागते, दूधवाल्याच्या डोक्यावर माकडटोपी दिसते, जिन्यातून डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर ये-जा करू लागतात, आणि माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहतं. नवरा चहाचा कप पुढे करत विचारतो, "सुरू झाला का तुझा सीझन?" मी कप घेते. एरवी चहा मी करते. थंडीत तो करतो.

राग म्हणजे तसा मवाळच शब्द. राग येतो आणि जातो. मी धरला होता तो डूख. योगाच्या वर्गातल्या बाई सांगतात, डोळे मिटा, ज्यांनी तुम्हाला दुखावलं त्यांना मनातल्या मनात क्षमा करा, बघा कसं हलकं वाटतं. सगळ्या जणी डोळे मिटतात. मीही मिटते आणि सबनीसांचा चेहरा नीट आठवून घेते. त्यानंतर दिवसभर मला फार बरं वाटतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक झाड आहे. पुण्यात ते कोणी पाहिलेलं नसणार आणि मराठीत त्याला नाव नाही. इंग्रजीत लार्च, जर्मनमध्ये लेर्शे. मी लार्चच म्हणते.

दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक गोंधळणार, अशी भीती तेव्हा होती. त्या भीतीवर पुण्यातली निम्मी सॉफ्टवेअरवाली मंडळी परदेशी जाऊन आली. आमचं ऑफिस एरंडवण्यातल्या एका बंगल्यात होतं. दिवाणखान्यात टेस्टिंग, माजघरात डेव्हलपमेंट आणि ओट्यावर सर्व्हर. तिथून मला आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा जर्मन गावात पाठवलं. शनिवार पेठेतलं माहेर आणि बिबवेवाडीतलं सासर यांच्या पलीकडे मी तोवर एकटी कुठे राहिले नव्हते. तिथे हिल्डेबाई नावाच्या विधवा बाईंच्या माळ्यावरची खोली मिळाली. खिडकीखाली उतार, उतारावर लार्चची झाडं.

मी ऑगस्टमध्ये पोचले तेव्हा मला ती देवदारासारखी कुठलीतरी झाडं वाटली. हिल्डेबाईंनी एक फांदी वाकवून माझ्या हातात दिली. "हात लाव," त्या म्हणाल्या. मी घाबरत लावला, कारण सुईसारखी पानं म्हणजे टोचणार. टोचली नाहीत. इतकी मऊ की तान्ह्या बाळाच्या जावळावरून हात फिरवल्यासारखं वाटलं. स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी झाडांची पानं फांदीवर एकेकटी असतात, लार्चची झुबक्यानं येतात. फांदीला बारीक गाठी असतात आणि प्रत्येक गाठीतून पानांचा एक गुच्छ. हिरवाही वेगळा. शेजारचं स्प्रूस काळपट, गंभीर, कायम कोणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखं. लार्चचा हिरवा मात्र कोवळ्या मेथीचा.

ऑक्टोबरमध्ये तो उतार पेटला. हा शब्द मी जपून वापरते आहे. सुरुवातीला शेंड्यांवर लिंबाचा पिवळा, मग हळदीचा, मग असा एक रंग की ज्याला सोनं म्हणण्याची मला लाज वाटते, कारण सोनं मी लग्नात घातलेलं आहे आणि ते इतकं सुंदर नव्हतं. उन्हं तिरपी झाली की झाडाच्या आतूनच उजेड येतोय असं वाटे. मी ऑफिसातून येऊन खिडकीत बसे. मला कोणी हाक मारत नसे. भाजी कोणती करू, हे विचारायला कोणी नसे. माझं लग्नाआधीचं आयुष्य आणि नंतरचं, दोन्ही जमेस धरलं तरी तेवढे सहा महिनेच मी कोणाची कोणी नव्हते.

आणि मग ती पानं गळाली. पाइन, फर, स्प्रूस, देवदार, या सगळ्या गोतावळ्यात हे एकटं झाड वर्षाला सगळी पानं टाकून देतं. सबंध उतार सोनेरी सुयांनी भरला. माझ्या कोटाच्या खिशात, बुटांत, अगदी पावातसुद्धा त्या सापडत. नंतर उरले नुसते काटक्यांचे सांगाडे, आणि त्यांवर चिंचोक्याएवढे शंकू, लाकडात कोरलेल्या फुलांसारखे, जागच्या जागी. मी हिल्डेबाईंना विचारलं, मेली का ही झाडं? त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, दर हिवाळ्यात नवीन भाडेकरू हेच विचारतो. शहाणं झाड आहे. वर डोंगरात बर्फ आणि वारा इतका की पानं सांभाळत बसण्यात जीव जातो. त्यापेक्षा ओझं टाकून द्यायचं, डोळे मिटायचे आणि आत जिवंत राहायचं.

त्यांच्या घराचं छप्पर लार्चच्या फळ्यांचं होतं. गुरांच्या पाण्याचा हौदही लार्चचाच. लाकडात राळ भरलेली, त्यामुळे पाण्यापावसात कुजत नाही. शेगडीत मात्र ते तडतडतं, ठिणग्या उडवतं. पण वास असा की खोलीत संत्रं सोलून कोणी धूप लावलाय. त्या वासात मी नोव्हेंबर-डिसेंबर काढले. झाडाला सावली अजिबात सोसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. कोणाच्या छायेत ठेवलं की झुरून मरतं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. का, ते तेव्हा कळलं नाही.

येताना मी शंकू झटकून त्यातलं बी आणलं, एका पाकिटात, स्वेटरच्या घडीत. पंख असलेलं, तिळाएवढं.

पुण्यात लार्च जगत नाही. हे मला पुस्तकातून कळलं, नर्सरीवाल्यानं सांगितलं आणि सासूबाईंनी दोन्ही वेळा दुजोरा दिला. त्याला हिवाळ्याची झोप लागते आणि आपल्याकडचा हिवाळा म्हणजे डुलकी. ती झोप मिळाली नाही तर झाड दमून मरतं. मग मी त्याला झोप दिली. बी ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवलं, मग पेरलं. रुजलेल्यांपैकी एकच तगलं. आमच्या गॅलरीत ते उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाच्या आडोशाला असे, एप्रिल-मेमध्ये मातीवर मी बर्फाचे खडे ठेवी, आणि डिसेंबरात पानं गळून गेली की कुंडीसकट फ्रिजमध्ये. भाजीचा खण काढून टाकला होता. "ते झाड बाजूला कर, मला दही घ्यायचंय," असं विनय, म्हणजे माझा नवरा, वर्षानुवर्षं म्हणत आला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आमच्याकडे पाहुणे पाणी प्यायला उठले की मीच घाईनं फ्रिजपाशी जाई.

झाड वाढलं, फ्रिजमध्ये मावेना. मग मार्केट यार्डातल्या बटाट्याच्या शीतगृहाच्या मॅनेजरला गाठलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे झाड आणून ठेवायचं आणि महिन्या-दीड महिन्यानं न्यायचं. ह्याच्यातून बटाटे येणार नाहीत ना?" मी म्हटलं, नाही. "मग ठेवा." असा माझा लार्च थंडीत तळेगावच्या बटाट्यांच्या पोत्यांशेजारी झोपायला जाऊ लागला. स्वारगेटला सिग्नलला रिक्षा थांबली की मांडीवर कुंडी घेतलेल्या माझ्याकडे लोक बघत. काटक्यांना एवढं जपून धरलेली बाई त्यांनी पाहिली नसावी.

मधल्या काळात मला पुन्हा जर्मनीला जायची संधी आली होती. तेव्हा सासूबाईंचं ऑपरेशन होतं, मुलगी लहान होती. माझ्या जागी दुसरा गेला आणि तिकडेच राहिला. मी कोणाला दोष दिला नाही. पण गॅलरीतल्या त्या झाडाची पानं नोव्हेंबरात पिवळी होत, हिल्डेबाईंच्या सोन्यापुढे पितळच म्हणा, तरी ती पिवळी होत आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिथे खुर्ची टाकून बसे. अर्धा तास मला कोणी हाक मारायची नाही, असा घरात नियम होता. माझ्या घरातला माझा तेवढा एकच नियम.

आता सबनीस.

सबनीसकाका आमच्या सोसायटीचे चेअरमन. तळमजल्यावर राहायचे. सरकारी खात्यातून निवृत्त, कपाळावर गंध, बोटांत कायम खडूची पूड, कारण जिन्याखालच्या फळ्यावर ते रोज काहीतरी लिहीत. 'लिफ्ट ही चढण्यासाठी आहे, गप्पांसाठी नाही.' 'आपली चप्पल आपल्या दारात शोभते.' त्यांचं अक्षर सुरेख होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्यांच्या खिडकीसमोर पांढरा चाफा होता, त्यांच्या पत्नीनं, सुमनकाकूंनी, वाईच्या माहेराहून फांदी आणून लावलेला. काकू जाऊन काही वर्षं झाली होती. उन्हाळ्यात खाली पडलेली फुलं काका वेचत आणि एका वाटीत पाण्यावर ठेवत. तेव्हा मला ते आवडत असत.

त्या वर्षी झाड गॅलरीत मावेना म्हणून मी ते गच्चीत ठेवायचं ठरवलं. जानेवारीत शीतगृहातून आणलं. माझ्या कमरेच्या वर गेलेलं, पान एक नाही, पण गाठी फुगलेल्या. नखानं जरा खरवडलं की आत हिरवं. आठ-दहा दिवसांत फुटणार हे मला हाताला कळत होतं. गच्चीवर मुलं येतात, बायका पापड घालतात, म्हणून मी पुठ्ठ्यावर ठळक लिहून कुंडीला बांधलं: 'हे झाड वाळलेले नाही. झोपले आहे. हात लावू नये.'

सव्वीस जानेवारीला गच्चीवर झेंडावंदन असे, नंतर जिलेबी. आमच्या जर्मन गिऱ्हाइकाला सव्वीस जानेवारी नव्हती, त्यामुळे मी हिंजवडीच्या नव्या ऑफिसात. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले, फाटकातून आत आले आणि थबकले. संत्रं सोलून धूप लावल्यासारखा वास येत होता. क्षणभर मला वाटलं, मी तिकडेच आहे. त्या क्षणाचा आनंदही मला अजून आठवतो आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चीड येते. वॉचमन देवराव, वाशिमकडचा, फाटकाशेजारी शेकोटी करून बसला होता.

"या मॅडम, शेका हात," तो म्हणाला. "पण लय धूर करून राहिलं हे लाकूड. ओलं हाय वाटते."

तडतड झाली, ठिणग्या उडाल्या. खोडाचा शेंडा अजून जळायचा होता. त्याच्यावर फुगलेल्या गाठी होत्या.

मी वर गेले नाही, सरळ सबनीसांची बेल वाजवली. त्यांनी जिलेबीचा बॉक्स हातात घेऊनच दार उघडलं. "अहो, तुमचा वाटा ठेवलाय."

"गच्चीवरचं माझं झाड काढलंत?"

"वाळकं होतं ते. झेंड्याशेजारी वाळकं झाड बरं दिसतं का?"

"पाटी लावली होती मी."

"वाचली ना," सबनीस म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही मनाची समजूत घालताय. माणूस घालतो. आमची ही गेल्यावर मीपण असलं काय काय करायचो. म्हटलं, कोणीतरी सोडवायला पाहिजे तुम्हाला त्यातून." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची कणव होती. मग आत जाऊन ते माझी कुंडी घेऊन आले, धुऊन पुसून. "कुंडी चांगली आहे. म्हणून टाकू दिली नाही."

त्यांनी द्वेषानं काढलं असतं तर मी दोन दिवस भांडून विसरले असते. पण त्यांनी मला सोडवलं होतं. माझ्या एवढ्या वर्षांच्या गोणपाटाला, बर्फाच्या खड्यांना, रिक्षेतल्या फेऱ्यांना त्यांनी एका खुळ्या बाईचं दुःख समजून कीव केली होती. वाळलेलं म्हणजे काय आणि जिवंत म्हणजे काय, हे ठरवण्याची मुखत्यारी यांना दिली कोणी? मी कुंडी घेतली आणि जिलेबी घेतली नाही. सूचिपर्णी झाडांची एक गोष्ट अशी की मुळासकट उपटून शेकोटीत घातल्यावर त्यांना दुसरा जन्म नसतो. बी संपलं होतं. हिल्डेबाईंच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुरेख अक्षरात आलं: 'आवारातील वा गच्चीवरील वाळलेली झाडे विनाविलंब काढण्यात येतील. सदस्यांनी भावनाविवश होऊ नये.'

ते वाचून मी शांत झाले. इतकी शांत की विनयनं दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना. मी म्हटलं, डिसेंबरची वाट बघतेय.

कारण चाफाही थंडीत पानं गाळतो. आपल्याकडे एवढी वर्षं दारात असतो म्हणून कोणी बघत नाही इतकंच. डिसेंबरात सबनीसांच्या चाफ्याची पानं पिवळी पडून गेली, राखी रंगाच्या बोथट फांद्या तेवढ्या वर उरल्या. पहिल्या सकाळी मी ऑफिसला जाताना त्यांच्या खिडकीसमोर थांबले. काका पेपर वाचत होते.

"काका, चाफा वाळला वाटतं?"

"छे हो. थंडीत पानं टाकतो तो. येतील मार्चात."

"असं होय? एक पान नाही ना, म्हणून विचारलं. फळ्यावर नियम आहे आपला."

त्यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं आणि मग चाफ्याकडे. त्यांच्या ध्यानात आलं. मला ते दिसलं आणि त्या दिवशी हिंजवडीपर्यंतच्या बसमध्ये मी मनातल्या मनात गाणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. अगदी अदबीनं, अहोजाहो करून. पुण्यात अहोजाहो करून जे बोलता येतं ते अरेतुरे करून कधी बोलता येणार नाही. एकदा आमच्या गॅलरीतल्या कुंड्या बघायला माळी आला होता, त्याला जाताना मी मुद्दाम चाफ्यापाशी थांबवलं आणि मोठ्यानं विचारलं, "असं झाड काढायला किती वेळ लागतो?" तो म्हणाला, एक कोयता, पाच मिनिटं. खिडकीचा पडदा हलला. त्या दिवसापासून सबनीस थंडीभर चाफ्याखाली खुर्ची टाकून बसू लागले. शाल, कानटोपी, मांडीवर पेपर. लोकांना सांगत, ऊन खातोय. चाफ्याखाली सकाळी ऊन येत नाही.

त्यांचा मुलगा निखिल न्यू जर्सीत होता. माझ्याच पिढीतला, त्याच भीतीवर गेलेला आणि तिकडे रुजलेला. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत तो त्यांना बोलावी. आधी कॉर्डलेसवर, मग मोबाइलवर, नंतर टॅबवर चित्रासकट. सबनीसांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे सगळं जिन्यात ऐकू येई. "आजोबा, स्नो बघायला या ना," नातू म्हणायचा. "मे महिन्यात येईन हं," सबनीस म्हणायचे. "मेमध्ये स्नो नसतो, आजोबा." "मला थंडी मानवत नाही रे बाळा," असं म्हणत ते पुन्हा शाल घेऊन थंडीत बसायला बाहेर येत.

हे ऐकताना मला काय वाटायचं? गोड वाटायचं. लपवायचं कशाला. जिन्याच्या वळणावर भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत मी ते सगळं ऐकायची. माझ्या अर्ध्या तासाच्या खुर्चीच्या बदल्यात मी त्यांना तीन-तीन महिने खुर्चीत बसवलं होतं. विनय एकदा म्हणाला, "पुरे कर आता. म्हातारा झालाय तो." मी म्हटलं, "मी काय केलंय? चौकशी करते मी झाडाची." मुलगी इंजिनीअर होऊन बंगळुरूला गेली, सासूबाई गेल्या, मी हिंजवडी सोडून घरून काम करू लागले, सोसायटीत फळा जाऊन व्हॉट्सॲप ग्रुप आला. डिसेंबरचा प्रश्न तेवढा राहिला. सबनीस आता चेअरमनही नव्हते. तरी मी विचारायची आणि ते उत्तर द्यायचे, "नाही. येतील मार्चात." आमच्यात दुसरं काही बोलणंच नव्हतं. मात्र एवढं बोलल्याशिवाय दोघांचाही दिवस सुरू होत नसे.

मी तो चाफा कधी तोडायला लावला असता का? अजिबात नाही. सुमनकाकूंनी वाईहून आणलेली फांदी होती ती. पण हे सबनीसांना कळता कामा नये, एवढाच माझा सगळा बेत होता.

मग ती सकाळ आली. चाफ्याची पानं गळून पडली होती, मी तळजाईवरून फिरून परत येत होते, आणि फाटकातच कोयत्याचा आवाज ऐकला. सबनीस नेहमीच्या खुर्चीत, शाल पांघरून. माळी वर चढलेला. चाफ्याच्या फांद्या एकेक करून खाली येत होत्या, कापलेल्या टोकातून पांढरा चीक गळत होता. खाली वर्तमानपत्रं अंथरलेली. सबनीस हातभर लांबीचे तुकडे वेगळे काढून चीक सुकायला रांगेत मांडत होते.

मी उभी राहिले.

"विचारा," ते मान वर न करता म्हणाले.

"काय?"

"रोजचं."

"वाळला का हो?" मी विचारलं.

"नाही. जिवंत आहे, म्हणून तर फांद्या करतोय. हाच मोसम असतो, झोपेत कापल्या की लागतात." त्यांनी एक फांदी उचलून बोटानं टोक तपासलं. "निखिलकडे चाललोय. राहायलाच. हा जागेवर असता तर माझं लक्ष इकडेच राहिलं असतं."

"तोडायचं काय कारण होतं? राहिला असता इथेच."

आता त्यांनी मान वर केली. "तुमच्या भरवशावर?" सबनीस म्हणाले आणि पुन्हा फांद्या मांडू लागले.

मी वर आले. संताप कोणावर काढावा कळेना. एवढी वर्षं ज्या झाडावर मी जिभेचा कोयता उगारून उभी होते ते त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं, तेही स्वतःच्या हातानं. लार्च त्यांनीच मारला होता आणि चाफाही त्यांनीच पाडला. माझ्या हाताला कोयता लागला नाही, हे मी त्या दिवशी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण खरं सांगते, लार्च गेला त्या संध्याकाळी मी रडले नव्हते. त्या दिवशी भांडी घासताना रडले, आणि त्याबद्दलही मला सबनीसांचाच राग आला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी फांद्या वाटल्या. देवराव आता म्हातारा झाला होता, तो लिफ्टमधून एकेक मजला करत वर येत होता. बेल वाजे, दार उघडे, कोणीतरी म्हणे, "अरे वा, काकांचा चाफा का? सांगा त्यांना, लावतो हं." मी भाजी चिरायची थांबले. हात धुतले. दाराशी जाऊन कडी काढून ठेवली, म्हणजे बेल वाजली की उगाच वेळ नको. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. समोरच्या दाराची बेल वाजली. तिथे नागपूरकडचं आयटीतलं तरुण जोडपं भाड्यानं राहायला आलं होतं, सबनीसांना त्यांचं नावही माहीत नसेल. दार उघडलं, हसणं झालं, दार बंद झालं. मग लिफ्टची जाळी सरकली आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर गेली.

मी कडी परत लावली. विनय मागे आला. "आपल्याला नाही?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं.

आता वर्षभरानं पुन्हा थंडी पडली आहे. सबनीस न्यू जर्सीत असतात. बर्फात नातवाबरोबर काढलेला त्यांचा फोटो ग्रुपवर आला होता. आमची सोडून इमारतीच्या प्रत्येक गॅलरीत एक चाफा आहे. सगळ्या फांद्या लागल्या. डिसेंबरात सगळ्यांची पानं गळाली आहेत, राखी बोथट फांद्या कठड्यांवरून बाहेर डोकावतायत, आणि मी सकाळी फिरून येते तेव्हा मान वर करून त्या एकेक बघत येते. विनय म्हणतो, "कोणाकडूनही एक फांदी मागून घे की. कोणीही देईल." देतील. समोरची मुलगी तर स्वतःहून म्हणाली, "आँटी, तुम्हाला हवी का कटिंग?" मी नको म्हटलं.

मला सबनीसांनी द्यायला हवी होती. त्यांनी दिली असती तर मी ती कशीही करून जगवली असती, आणि मग मला डूख सोडावा लागला असता. हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच दिली नाही.